दार लावून, दार उघडे ठेवून

१८९३ साली पुण्यात एका दारावरून मोठे वादळ झाले. ते दार पंडिता रमाबाईंच्या खोलीचे होते.

रमाबाईंचे शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. उच्चवर्णीय विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणारी ही संस्था. पैसा अमेरिकेतून येई. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसे होती. एक अट सगळ्यांनाच मान्य होती : सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही. मुलींनी आपले सोवळेओवळे, उपासतापास, पूजाअर्चा खुशाल चालू ठेवावी. बाईंनी ती मोकळीक मुलींना दिली. पण त्या स्वतः १८८३ पासून ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या बायबल वाचत, प्रार्थना करत आणि तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत.

मुलींना कुतूहल वाटणारच. काहीजणी दाराशी येऊन बसू लागल्या, काही आत येऊ लागल्या. बातमी शहरभर झाली. ‘केसरी’ने प्रकरण लावून धरले. त्याच वर्षी मार्चमध्ये सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेला, त्यामुळे सनातनी पुणे आधीच तापलेले होते. बाईंनी प्रार्थनेच्या वेळी दार लावावे, एवढेच टीकाकारांचे मागणे होते. बाई कोणाला बोलावत नव्हत्या, पण आलेल्या मुलीला बाहेर काढायलाही तयार नव्हत्या. ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि सदन अर्धेमुर्धे रिकामे झाले.

पालकांची भीती अगदीच हवेतली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. मुलगा अज्ञान ठरला आणि वडिलांच्या ताब्यात दिला गेला. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर आणखी एक रण माजले आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. घरातले पोर दुसऱ्याच्या देवापुढे डोळे मिटून बसलेले पाहणे काय असते, हे त्या पिढ्यांना चांगले ठाऊक होते. हेच नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि निजामाच्या मुलखात आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्यांचे काम मुख्यतः मातंग समाजात होते. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाचे एक मूळ तिथे आहे.

पुण्यातल्या भांडणात एक गंमत होती, ती त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे. टीकाकार रमाबाईंकडे जे मागत होते, तेच खुद्द येशूने आपल्या शिष्यांना सांगितलेले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय म्हणजे डोंगरावरचे प्रवचन. त्यातल्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तीन गोष्टींबद्दल एकसारखी ताकीद येते : दान, प्रार्थना आणि उपास. तिन्ही गोष्टी करायच्या, पण लोकांनी पाहावे म्हणून करायच्या नाहीत. दान करताना गाजावाजा नको. उपासाच्या दिवशी तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा, दार लावा; चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना जे हवे होते ते लोकांच्या नजरेतून आधीच मिळून गेले आहे.

मग बाई चुकल्या का? बायबलच त्यांच्या बाजूनेही साक्ष देते. दानीएलाच्या पुस्तकातला दानीएल बाबिलोनात बंदिवान म्हणून गेलेला, राजदरबारी चढलेला यहुदी. तीस दिवस राजाखेरीज कोणापुढेही मागणे मागायचे नाही असा हुकूम निघतो. दानीएल घरी जातो. त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमेच्या दिशेने उघड्या असतात आणि तो नेहमीसारखा दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो. खिडकी त्याने मुद्दाम उघडली नाही आणि भीतीने लावूनही घेतली नाही. सिंहांच्या गुहेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्या गुहेपर्यंत नेणारी ही खिडकी मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते, येशूचा रोख दाराच्या कडीवर नाही. प्रार्थना कोणासाठी चालली आहे, हा त्याचा प्रश्न आहे. चव्हाट्यावरच्या माणसाला प्रेक्षक हवा होता. प्रेक्षक उठून गेले असते तर त्याची प्रार्थना आटोपली असती. रमाबाईंची खोली रिकामी असती तरी त्यांची प्रार्थना तशीच झाली असती. एकांत म्हणतात तो याला. चार माणसांत बसूनही तो साधतो आणि कुलूप लावलेल्या खोलीतही कधीकधी हातचा जातो, कारण तिथे माणूस स्वतःचाच प्रेक्षक होऊन बसतो.

अर्थात दार लावायला आधी खोली हवी. गालीलातल्या खेड्यांत साध्या कुटुंबाचे घर एक-दोन खोल्यांचे, त्यातच माणसे, त्यातच जनावरांची ऊब. अशा घरात एखादी बंद होणारी जागा असलीच तर ती धान्य ठेवायची. येशूच्या ऐकणाऱ्यांना देवघर किंवा अभ्यासिका सुचली नसणार. त्यांच्या डोळ्यांपुढे आली असेल ती कोंदट, अंधारी, पोत्यांची खोली, जिथे प्रार्थनेसाठी कोणी सहसा जात नाही.

तशीच घरे मराठवाड्यातल्या खेड्यांतही आहेत. नांदेडहून भोकर, हिमायतनगर मागे टाकत किनवटकडे जाताना इस्लापूर लागते. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे इथल्या मराठीत तेलुगू मिसळलेली असते आणि कानावर गोंडी, कोलामी, बंजाराही पडते. या टापूत ख्रिस्ती माणूस म्हणजे मोजक्यांतला. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्यालाही थोडे कमी. त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यात. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांताकडे अवघा मराठवाडा आहे. यावरूनच अंतरांचा अंदाज यावा. मुंबईच्या वांद्र्यात चर्च पायी जाण्याच्या अंतरावर असते. नांदेड-लातूरच्या आडगावात रविवारच्या उपासनेला जायचे तर एसटी गाठावी लागते, आणि सोयाबीन काढणीला आलेले असले की तेही राहते.

अशा ठिकाणी खासगी प्रार्थना हा भक्तीचा जास्तीचा भाग राहत नाही. आठवड्यातले सहा दिवस, कधी सातही, तीच सगळी उपासना असते. पाळक येतात ते महिन्या-पंधरवड्याने. ज्या घरात ख्रिस्ती असा एकटाच जीव आहे, एखादी सून, एखादा आश्रमशाळेत शिकून आलेला मुलगा, तिथे तर बरोबर आमेन म्हणणाराही कोणी नसतो. दोन खोल्यांत आठ माणसे निजतात, आतली खोली असते ती बी-बियाणे आणि खताच्या गोण्यांनी भरलेली. मग एकांत मिळतो तो शेताच्या बांधावर, पहाटे पाण्याला जाताना, नाहीतर चुलीपुढे. मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असताना उठून गावाबाहेर ओसाड जागी जातो. कफर्णहूमच्या त्या घरी आदल्या संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. घरात जागा नाही म्हणून रानात जाणारा गुरू खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि आवाज? भिंतीला कान असलेल्या घरात मोठ्याने काय बोलणार? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना ही मूलबाळ नसलेली, सवतीच्या टोमण्यांनी पोळलेली बाई. ती मंदिरात प्रार्थना करते तेव्हा तिचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटते, बाई प्यायली आहे. तो तिला झापतो. ती शांतपणे सांगते की महाराज, मी दारू प्यायलेली नाही, मी माझे मन देवापुढे ओतते आहे. बायबलमधल्या खऱ्या, एकटीच्या प्रार्थनेचे हे फार जुने उदाहरण. धर्माधिकाऱ्याला ती ओळखूसुद्धा आली नाही.

रमाबाईंच्या दारावरून पुणे भांडत होते त्याच १८९३ मध्ये एक मराठी कवी आगगाडीने राजनांदगावला चालला होता. नारायण वामन टिळक, वय एकतीस-बत्तीस, संस्कृतचे जाणकार, धर्माच्या बाबतीत अस्वस्थ. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी कवितेवरून गप्पा रंगल्या. उतरताना त्याने ‘नवा करार’ हातात दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना तो अगोचरपणा वाटला. पण वाचायचे कबूल केले होते, म्हणून वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि ते तीन अध्याय संपेपर्यंत पुस्तक खाली ठेवता आले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. दार लावून प्रार्थना करण्याची गोष्ट याच तीन अध्यायांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या अनोळखी प्रवाशाने दिलेली मुदत पुरती संपली नव्हती.

टिळकांची खरी कामगिरी त्यापुढची. त्या काळच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत बरीचशी उपासना भाषांतरित होती : इंग्रजी चाली, इंग्रजी घाटाची वाक्ये, संस्कृताळलेली विशेषणे. माणसे रविवारी त्या भाषेत देवाशी बोलत आणि सोमवारी आपल्या भाषेत बायकापोरांशी. असे असले की एकांतातली प्रार्थना पहिल्यांदा मरते, कारण तिथे पाठ केलेली भाषा किती वेळ टिकणार? तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. मराठी चर्चमध्ये वापरात असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. ती गीते मंडळीत गायली जातात खरी, पण त्यांतली कितीतरी मुळात एकट्या माणसाने देवाशी केलेली बोलणी आहेत : लाड, हट्ट, रुसवा, शरणागती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा असावी ही कल्पना. ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, अभंग टिकले.

लक्ष्मीबाई टिळकांचा रस्ता याहून वेगळा. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही आपले सोवळे सांभाळत राहिल्या. त्यांना कोणी प्रवचनाने वळवले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळवला, त्याचे उत्तर स्वतःच शोधले आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे ज्या मोकळेपणाने आले आहे, ते वाचताना वाटते की या बाईला खोटे बोलणे जमतच नसावे, माणसांशी नाही आणि देवाशीही नाही. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ नंतर त्यांनीच पुढे नेले. शाळेत न गेलेल्या बाईने हे महाकाव्य पुरे करावे, हीदेखील मराठी साहित्यातली एक नवलाईच.

देवाशी असे घरगुती बोलणे टिळकांना तुकोबांकडे सापडले, पण त्याची जुनी पेठ मराठवाड्यातच आहे. नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचे गंगाखेड परभणीत. जनाबाईंचा विठोबा दळायला बसतो, शेण्या वेचतो. त्या त्याच्यावर रागावतातही. दासीच्या वाट्याला आलेली सारी कामे हीच त्यांची पूजेची जागा. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा संन्यासी स्वयंपाकघरात राबत होता. भांडी घासतानाही तो देवाच्या सहवासात असे आणि प्रार्थनेच्या ठरलेल्या तासांत व कामाच्या तासांत आपल्याला फरक वाटत नाही असे सांगे. १६९१ मध्ये तो वारला. त्याची पत्रे आणि संभाषणे आजही जगभर वाचली जातात. या दोघांची श्रद्धा वेगळी, देव वेगळे. त्यांना एकाच माळेत ओवण्याची घाई नको. पण गंगाखेडच्या बाईला ब्रदर लॉरेन्स समजायला अडचण पडणार नाही, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती हे दोन्ही वारसे आहेत, एवढे निश्चित.

खरेपणाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण घोडे अडते ते तिथे. ज्यांनी ख्रिस्ती प्रार्थनासभा पाहिल्या आहेत त्यांना एक प्रकार ओळखीचा असेल : डोळे मिटून देवाला बातम्या देणे. ‘प्रभू, तुला माहीतच आहे की आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत काय चालले आहे...’ हे वाक्य देवासाठी नसते, तिसऱ्या बाकावर बसलेल्या कोणासाठी तरी असते. काहीजण प्रार्थनेत पाळकांना टोमणे मारून घेतात, काही सुनेला. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशीही मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो. आभार कशाचे, तर आपण त्या पलीकडच्या जकातदारासारखे नाही याचे. जकातदार दूर उभा राहतो, वर बघत नाही, छाती बडवून एका वाक्यात दया मागतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. परुशी खोटे बोललेला नाही. तो खरोखर उपास करी, दशमांश देई. त्याची प्रत्येक गोष्ट खरी होती आणि प्रार्थना खोटी होती.

खरी प्रार्थना गोड असतेच असे नाही. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे पाहिली तर त्यांत तक्रारींचा भरणा मोठा आहे : किती वेळ, देवा? मला विसरलास का? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी उजेडाची एक तिरीपसुद्धा नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबादची गावेच्या गावे गाडली, हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर या भागातल्या कोणत्याही धर्माच्या माणसाने देवापुढे काय म्हटले असेल? त्याने उपकारस्तुती केली नाही म्हणून त्याला नावे ठेवणारा स्तोत्रसंहिता वाचलेला नसतो. गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, येशूनेही हा प्याला टळावा असेच मागितले, आणि ते मागणे मान्य झाले नाही. शिष्य तेव्हा धोंडा फेकण्याइतक्या अंतरावर झोपले होते. एकांत तिथेही पूर्ण होता.

मागणे मान्य होण्याच्या गोष्टी मात्र फार सांगितल्या जातात, आणि त्यांतली एक रमाबाईंची आहे. ती अर्धी सांगून चालत नाही. १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे एक शिबिर भरले होते. बाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. या मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केलेला. एका पहाटे बाई रानात एकट्या गेल्या. मन भरून आले होते. त्यांनी देवाकडे हिशेबाने मागितले : पंधराचा वर्ग करून दे, पुढच्या शिबिराच्या आत दोनशे पंचवीस लेकी दे. तोपर्यंत सदनात एवढ्या मुलींना जागा नव्हती, पैसाही नव्हता; अमेरिकेचा दहा वर्षांचा मदतीचा वायदा संपत आला होता. पुढच्या वर्षी संख्या भरली, किंबहुना ओलांडली.

पण ती भरली ती १८९६-९७ च्या दुष्काळामुळे. आईबाप मेलेल्या, टाकलेल्या, विकायला निघालेल्या मुली मध्य प्रांतातून आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ मध्ये उपासमारीने गेले होते, त्यामुळे दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून वाचायचे नव्हते. त्या नुसत्या गुडघ्यांवर बसून राहिल्या नाहीत; दुष्काळी मुलखात स्वतः गेल्या, मदतकेंद्रांच्या आसपास फिरून मुली गोळा केल्या, त्यांना जेवू घातले, केडगावच्या जमिनीवर त्यांच्यासाठी छपरे उभी केली. मुक्ती मिशन उभे राहिले ते असे. दुष्काळ ही प्रार्थनेची पूर्तता म्हणायची काय? तसे म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून दोन हात लांबच राहावे. बाईंचे मोठेपण एवढेच की जे मागितले ते दारात उपाशी होऊन आले, तेव्हा त्यांनी दार लावले नाही.

मुक्तीतल्या प्रार्थनेचा पुढचा टप्पा तर एकांताच्या अगदी उलट टोकाचा. जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी रोज खास प्रार्थनेसाठी जमायचे आवाहन केले. सुरुवातीला सत्तरेक बायका-मुली येत, जूनपर्यंत हा आकडा पाचशेच्या घरात गेला. मग जूनअखेरीला जे सुरू झाले त्याची हकिगत जगभर गेली : शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करताहेत, रडताहेत, पापे कबूल करताहेत, तास उलटले तरी थांबत नाहीत. वेल्समध्ये १९०४ पासून असेच संजीवन चालू होते आणि त्याच्या बातम्या इकडे येत होत्या. मुक्तीची ही घटना जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदली जाते. शांतपणाची सवय असलेल्या पाळकांना तो गोंगाट रुचला नाही. त्यांचीही चूक नव्हती. भावनेचा पूर आला की दिखाऊपणा त्याच्यासोबत वाहत येतोच. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. या मुलींना आजवर कोणी बोलू दिले नव्हते. केशवपन झालेल्या, दुष्काळात टाकलेल्या पोरी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलत होत्या, आणि ऐकणारा आहे अशी त्यांची खात्री होती.

आजही मराठी ख्रिस्ती घरांत प्रार्थनेचे दोन वळणांचे शिक्षण मिळते. वसईच्या कॅथलिक घरात संध्याकाळी जपमाळ होते. शब्द ठरलेले, पिढ्यान्‌पिढ्या तेच. प्रॉटेस्टंट घरात एक उतारा वाचून ज्याने त्याने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. पहिल्यांना दुसऱ्यांचे बोलणे फापटपसारा वाटते, दुसऱ्यांना पहिल्यांचे घोकंपट्टी. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. पण घरात प्रेत असताना, मुलगा आयसीयूत असताना स्वतःचे शब्द सुचत नाहीत, आणि पाठ शब्दच तेवढे तोंडात येतात. हा अनुभव कोणत्याही पंथाच्या माणसाला विचारावा. आणि नुसते पाठ शब्द वर्षानुवर्षे म्हटले तर ओठ एकीकडे आणि मन बाजारात, हेही तितकेच खरे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या वसईच्या धर्मगुरूंनी ही दरी बुजवायला हात लावला : ‘सुवार्ता’ मासिकातून आणि ‘सुबोध बायबल’मधून त्यांनी रोजच्या मराठीत देवाचे शब्द आणले. जानेवारी २०२० मध्ये ते त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ते संमेलन मराठवाड्यातच, उस्मानाबादला भरले. त्याआधी चारशे वर्षे, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सने गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले होते, तेही मराठी ओव्यांत. रमाबाईंनीही आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. कमी शिकलेल्या बायकांना ते एकटीने वाचता यावे, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या मुलींनी छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला अनुभवी पाळक जे सांगतात ते फारसे गूढ नसते. वेळ ठरवा, कारण ‘सवड मिळेल तेव्हा’ म्हणणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आजचा चव्हाटा तोच आहे, आणि पहाटेच्या प्रार्थनेचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्याने मत्तयचा सहावा अध्याय पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही. शब्द सुचत नसतील तर एक स्तोत्र वाचा आणि त्यातले आपले वाटेल तेवढे उचला. थोडक्यात बोला. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांची नावे घ्या. ‘सर्व जगाचे कल्याण कर’ यात सोय फार आहे. मग काही वेळ नुसते गप्प बसा. हे शेवटचे सगळ्यात अवघड, असे बहुतेकांचे म्हणणे.

दार लावायला सांगितल्यानंतर येशूने त्याच अध्यायात शिष्यांना एक प्रार्थना शिकवली, ती ख्रिस्ती जगात सगळ्यांना पाठ असते. सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. पित्याच्या नावापासून रोजच्या भाकरीपर्यंत तिच्यात सारे आहे, पण प्रार्थना संपल्यावर त्याने तिच्यातल्या एकाच मागणीवर भाष्य केले, आणि ती क्षमेची आहे : तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुम्हालाही मिळणार नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात तो याहून स्पष्ट बोलतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. इस्लापूर असो की लातूर, ज्याची भावकीशी बांधावरून वर्षानुवर्षे कोर्टात तारीख चालू आहे, त्याने आतली खोली शोधण्याआधी एकदा त्या भावाच्या घरी जाऊन यावे.